ट्रॅव्हल ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच कुठली घ्यावी? (हाफ-टन ट्रक, २६ फुटी ट्रेलर)

पहिलाच_ट्रेलर

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आम्ही २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर बुक केलाय, दोन ॲक्सलचा, पुढच्या महिन्यात ताब्यात मिळेल. ओढायला फोर्डचा एफ-१५० (हाफ-टन पिकअप) आहे, क्रू कॅब, छोटी बेड, ३.५ इकोबूस्ट, टो पॅकेजसकट, आणि ब्रोशरमध्ये टोइंग कपॅसिटी ११ हजार पाउंडांच्या वर लिहिलीये म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ट्रेलरचं कागदावरचं कोरडं वजन ५,१५० पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट जास्तीत जास्त चालणारं वजन) ७,०००, हिच वेट (ट्रकच्या बॉलवर येणारा भार) ५८०.

आता डीलर म्हणतो वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रकच्या मागे आलेला भार वाटून देणारी जोडणी) लागणारच, आणि त्याच्याकडची एक आहे तीच गळ्यात मारतोय, ६०० पाउंडांचे राउंड बार आणि बाजूला एक फ्रिक्शन स्वे बार (ट्रेलरचं शेपूट हलू नये म्हणून घर्षणाची कांडी). म्हणे सगळ्यांना हीच बसवतो, कुणाची तक्रार नाही. मी म्हटलं जरा वाचून बघू तर डोकं गरगरायला लागलं. कोणी म्हणतं इक्वलायझर, कोणी ब्लू ऑक्स, कोणी अँडरसनशिवाय दुसरं बोलत नाही, आणि एक जमात म्हणते हेन्सली नाहीतर प्रोप्राइड घे आणि मोकळा हो. प्रत्येकाचा आपला तो बाब्या.

तर मला नक्की काय बघून ठरवायचं ते सांगा. ६०० चे बार चालतील का? ५८० पेक्षा जास्तच आहेत ना ते? आणि स्वे कंट्रोल वेगळा घ्यावा की हिचमध्येच असलेला? बायको, मी, दोन पोरं (८ आणि ११), कुत्रा नाही. ट्रेलर ओढायचा कुणालाच अनुभव नाही, तेव्हा एकदम बेसिकपासून सांगितलंत तरी चालेल.

ट्रकवाले_काका

ब्रँडचं नाव सध्या बाजूला ठेव. आधी ट्रककडे जा, ड्रायव्हरचं दार उघड आणि खांबावरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाच, त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं, तो तुझा पेलोड. ब्रोशरमधले ११ हजार विसर. हाफ-टन ट्रकवर ट्रॅव्हल ट्रेलर ओढताना टोइंग कपॅसिटी संपायच्या बऱ्याच आधी पेलोड संपतो, आणि घोडं तिथेच अडतं.

आता ते ५८०. ते रिकाम्या ट्रेलरचं आहे, आणि त्यात बहुतेक वेळा बॅटरी आणि प्रोपेन धरलेलं नसतं. दोन्ही गोष्टी नेमक्या टंगवर (ट्रेलरचा पुढे आलेला दांडा), कपलरच्या (बॉलवर बसणारं त्याचं तोंड) मागेच बसतात. २० पाउंडी सिलिंडर भरला की टाकीसकट ३७ पाउंडांच्या आसपास जातो, असे दोन, वर बॅटरी. त्यात बहुतेक ट्रेलरना पलंगाखाली आरपार डिकी असते, लोक तिथेच खुर्च्या, पाइप, हत्यारं, ठोकळे सगळं कोंबतात, आणि ती पण ॲक्सलच्या बरीच पुढे. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे तेच हिच वेट, भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, त्यापेक्षा कमी झालं तर शेपूट हलायला लागतं. तुझा ट्रेलर भरून साडेसहा-सात हजार होणार, म्हणजे १३ टक्क्यांनी साडेआठशे ते नऊशे. ६०० चे बार पहिल्याच दिवशी तोकडे.

हिच नक्की काय करते ते एकदा आकड्यात बघ म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. तुझ्या ट्रकचा व्हीलबेस १४५ इंच, मागच्या ॲक्सलपासून बॉल साधारण ६० इंच मागे. बॉलवर ९०० पाउंड टेकवले तर ट्रक मागच्या ॲक्सलवर तराजूसारखा कलतो. पुढच्या चाकांवरून ९०० गुणिले ६० भागिले १४५, म्हणजे जवळजवळ ३७० पाउंड उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर ९०० नाही, १,२७० येतात. म्हणून लोकांचे ट्रक मागे बसलेले आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर मारताना दिसतात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत.

आता ते दोन स्प्रिंग बार ताणून ट्रेलरच्या फ्रेमला लावले की ते हिचच्या डोक्याला पिळतात आणि मागचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या ॲक्सलवर सरकतो. त्या ३७० पैकी निम्मे, १८५ च्या आसपास पुढे परत आणले, तर ट्रेलरच्या ॲक्सलवर साधारण १०५ जातात आणि मागच्या ॲक्सलचे २९० च्या आसपास कमी होतात. (बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत १६ फूट धरलेत.) जादू एवढीच. वजन नाहीसं होत नाही, फक्त वाटलं जातं, त्यामुळे पेलोड वाढला असं कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस.

आणि एक, ट्रकखाली वाकून रिसिव्हरवरचा (हिच घालायची चौकोनी नळी) स्टिकर पण वाच. दोन ओळी असतात, वेट कॅरिंग आणि वेट डिस्ट्रिब्युटिंग. बऱ्याच एफ-१५० वर पहिल्या ओळीत ट्रेलरचे ५,००० आणि टंगचे ५०० लिहिलेलं असतं, म्हणजे त्याच्या वर ही हिच ऐच्छिक नाही, सक्तीची आहे. डीलर तेवढं खरं बोललाय.

स्टिकरचा आकडा इथे टाक, मग पुढचं बोलू.

शांत_प्रवासी

अँडरसन घ्या आणि विषय संपवा. बार नाहीत, चेन आणि युरेथेनचे बुश आहेत, सगळं मिळून ६० पाउंडांच्या आसपास, एका हाताने उचलून ठेवता येतं. ग्रीस नाही, कपडे काळे होत नाहीत, आणि आवाज शून्य. बाकीच्या हिच वळताना जे कण्हतात ते ऐकलं की शेजारचे तंबूतून बाहेर बघतात. स्वे कंट्रोल बॉलच्याच खाली आहे, बॉल फ्रिक्शन कोनमध्ये बसतो आणि कपलरबरोबर फिरतो. रिव्हर्स घेताना काही काढायचं नाही. रेटिंग १४ हजारांचं आहे, तुमच्या ट्रेलरच्या दुप्पट.

नट_बोल्ट

@शांत_प्रवासी रेटिंग १४ हजारांचं आहे हे खरं, पण ते किती वजन झेपेल याचं आहे, किती वजन पुढे सरकेल याचं नाही. त्या बुशना दाबून दाबून किती दाबणार? ५०० पाउंडांच्या टंगला झकास चालते, हलक्या ट्रेलरसाठी मी स्वतः सुचवतो, पण नऊशेला नट शेवटापर्यंत आवळला तरी पुढचं बंपर हवं तेवढं खाली येत नाही असं बऱ्याच जणांचं रडगाणं आहे. आवाजासाठी वजनाचं काम सोडायचं का?

प्रश्नकर्त्याला माझं सरळ उत्तर, इक्वलायझर नाहीतर ब्लू ऑक्स स्वेप्रो, दोन्हीत स्वे कंट्रोल आतच आहे, वेगळी कांडी लावायची गरज नाही. इक्वलायझरचे बार ट्रेलरच्या फ्रेमवरच्या एल-ब्रॅकेटवर घासत सरकतात, आणि डोक्यातल्या खोबणीत पण घर्षण, म्हणजे दोन बारांचे मिळून चार ठिकाणी, म्हणून ते फोर-पॉइंट म्हणतात. ब्लू ऑक्समध्ये बार चेनने लटकतात पण डोकंच अशा कोनात बसवलेलं असतं की ट्रेलर सरळ रेषेतून हलला की बारांचा ताण त्याला परत मध्ये ओढतो. एकाचं घर्षण, दुसऱ्याचा ताण. हायवेवर मोठा ट्रक बाजूने गेला की दोन्ही मस्त धरून ठेवतात, फरक मला तरी एवढाच जाणवतो की ब्लू ऑक्स शांत आहे आणि इक्वलायझरला चेनची भानगड नाही.

आणि सेट करताना पुढच्या चाकावरची फेंडरची कड मोकळ्या ट्रकला जेवढ्या उंचीवर होती तेवढ्यावर शंभर टक्के परत आणा. अर्धवट काम करायचं तर हिच कशाला घ्यायची.

मंजू_आरव्ही

शंभर टक्के नका आणू हो! थांबा, आधी बाकीचं सांगते मग त्यावर येते.

डीलरच्या पॅकेजमधली ती फ्रिक्शन बारची कांडी आहे ना, तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. ती ट्रेलरच्या एका बाजूला बॉलच्या शेजारच्या छोट्या बॉलवर अडकते आणि हँडल फिरवून आवळायची. छोट्या ट्रेलरला ठीक आहे. पण रिव्हर्समध्ये जोरात वळवायचं असेल तर खाली उतरून ती काढायची, नाहीतर वाकते. रस्ता ओला किंवा बर्फाळ असेल तर सैल करायची, कारण ट्रेलर ट्रकच्या मागे वळायचाच नाकारतो. म्हणजे भर पावसात पेट्रोल पंपावरून निघताना तुम्ही खाली उतरून हँडल फिरवताय. २६ फुटांना एक कांडी पुरत पण नाही खरं तर. मी तुमच्या जागी असते तर त्या पॅकेजला सरळ नाही म्हटलं असतं, वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, डीलरकडे स्टॉक पडून असतो तो खपवणारच.

रोजच्या वापराचं सांगते कारण पुरुषमंडळी आकड्यांत शिरतात आणि जोडताना कंबर कोणाची मोडते ते विसरतात. इक्वलायझरचा एक एक बार जड आहे, आणि उन्हात तापलेला ग्रीसने माखलेला बार धरायला जुने हातमोजे ट्रकच्या दारातच ठेवा. बार लावायची सोपी युक्ती अशी की कपलर बॉलवर लॉक केला की टंग जॅकने ट्रेलरचं नाक आणि ट्रकचं ढुंगण दोन्ही मिळून चांगलं वर उचला, इतकं वर की बार हाताने सहज ब्रॅकेटवर सरकला पाहिजे. जोर लावून कांब घालून बार चढवायला लागत असेल तर जॅक अजून वर घ्या. इलेक्ट्रिक जॅक असेल तर देवाचे आभार. ब्लू ऑक्सला चेनचं लॅच पान्याने फिरवायचं असतं, तिथे पण तेच, आधी उचला. ताणलेली चेन निसटली तर पाना हातातून उडतो, तोंड कधी त्या रेषेत ठेवू नका, आणि पोरांना तेव्हा लांब उभं करा.

आवाज: इक्वलायझर नवीन असताना हळू वळणावर अगदी दार किरकिरल्यासारखी ओरडते. डोक्याच्या खोबणीत ग्रीस घाला, पण एल-ब्रॅकेटवर नका फासू, तिथलं घर्षणच तर स्वे कंट्रोल आहे. ब्रॅकेटवर बसणारे प्लॅस्टिकचे जोडे कंपनीचेच मिळतात, त्याने बराच आवाज जातो.

घ्यायच्या आधी ट्रेलरच्या ए-फ्रेमचा (पुढची त्रिकोणी चौकट) फोटो काढून आणा. प्रोपेनची ट्रे, जॅक, बॅटरीची पेटी, यातलं काहीतरी नेमकं ब्रॅकेटच्या जागेवर येतं आणि मग डीलरकडचा पोरगा ब्रॅकेट भलतीकडे बसवतो.

आता ते शंभर टक्के. फोर्डच्या मॅन्युअलमध्ये टोइंगच्या प्रकरणात स्पष्ट आहे, मोकळ्या ट्रकची पुढची उंची मोजा, मग ट्रेलर जोडून बार न लावता मोजा, आणि बार लावल्यावर या दोन्हींच्या मधोमध आणा. सगळं परत आणायला सांगत नाही. पुढे जास्त वजन ढकललं की मागची चाकं हलकी होतात, आणि वळणावर मागची पकड आधी सुटली तर ट्रेलर ट्रकलाच ढकलतो. जुन्या लोकांच्या डोक्यात शंभर टक्के बसलंय कारण पूर्वी तेच सांगायचे. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून ज्याचा ट्रक त्याचं मॅन्युअल. काही क्रॉसओव्हरच्या मॅन्युअलमध्ये तर वेट डिस्ट्रिब्युशन वापरूच नका असं असतं.

नट_बोल्ट

@मंजू_आरव्ही माझा ट्रक जुना आहे, त्याच्या मॅन्युअलप्रमाणे मी करतो. पण बरोबर, त्याच्या नव्या फोर्डला अर्धंच. मान्य.

पहिलाच_ट्रेलर

बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. काका, ताई, सगळ्यांचे आभार.

स्टिकर बघितला, १,६२० पाउंड. त्याच्याच वरच्या लेबलवर ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर ७,०५० आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८०० लिहिलीये. रिसिव्हरवर काका म्हणाले तसंच, ५,००० आणि ५००. आम्ही चौघं मिळून ४३० भरतो (बायकोने तिचा आकडा मला सांगितला हेच विशेष). ९०० टंग, हिच स्वतः १०० धरली तर उरले १९० फक्त. ट्रकच्या बेडमध्ये जनरेटर, सायकली आणि लाकडं टाकायचा प्लॅन होता तो गेला म्हणायचा. नाकापेक्षा मोती जड झाला नाही ना?

डीलर म्हणतो मग १,४०० चे बार देतो, जास्तीत जास्त मोठे, पुढे मोठा ट्रेलर घेतला तरी चालतील. ते घेऊ का? आणि हेन्सलीबद्दल कोणीच बोललं नाही.

ट्रकवाले_काका

मोती जड आहे पण नाक अजून शाबूत आहे. १९० उरतात तेवढ्यात राहा. सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर टांगायचा विचार मनात आला असेल तर तो पण सोड, टोकाला लटकवलेलं वजन टंग हलकं करतं आणि शेपूट हलवायला तेच सगळ्यात वाईट, त्यात ते बंपर त्यासाठी बनवलेलं पण नसतं. ट्रेलरच्या आत, ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीवर.

१,४०० चे नको. बार ही स्प्रिंग आहे, थोडी वाकली पाहिजे. नऊशेच्या टंगला चौदाशेची स्प्रिंग लावली तर ती वाकतच नाही, प्रत्येक खड्ड्याचा दणका ट्रेलरच्या ए-फ्रेमला आणि ट्रकच्या फ्रेमला सरळ बसतो, आणि एवढ्याशा वाकण्यात भार अचूक सेट करणं पण अवघड. इक्वलायझरमध्ये तुझ्यासाठी ट्रेलरला १०,००० आणि टंगला १,००० वाली, ब्लू ऑक्समध्ये १,००० चा बार. निवड करताना टंग वेटमध्ये ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या मागे जे सामान ठेवणार ते पण धरायचं, ते फार लोक विसरतात. पुढच्या ट्रेलरचं पुढच्या ट्रेलरला बघू.

आणि ९०० हा आपला अंदाज आहे. विकत घ्यायच्या आधी डीलरकडे जाऊन बॅटरी आणि भरलेले सिलिंडर लावून टंग स्केलवर मोज, बऱ्याच डीलरकडे शेरलाइनचा काटा असतो, जॅकच्या जागी कपलरखाली ठेवायचा. त्यात डिकीतल्या सामानाचे १००-१५० मिळव.

हेन्सली आणि प्रोप्राइड बद्दल: त्या घर्षणाने ट्रेलरला दाबून धरत नाहीत, चार दुव्यांची जोडणी अशी असते की ट्रेलरचा वळायचा बिंदू बॉलवर न राहता पुढे मागच्या ॲक्सलच्या जवळ सरकल्यासारखा वागतो, म्हणजे ट्रेलर ट्रकचं ढुंगण ढकलूच शकत नाही. दोन्ही मुळात जिम हेन्सली यांच्याच डोक्यातून आलेल्या. काम उत्तम करतात यात वाद नाही. पण महाग, आणि जड, आणि तुझे ते उरलेले १९० त्यातच खाल्ले जातील. ३२-३५ फुटी ट्रेलर आणि वर्षभर रस्त्यावर राहणारी माणसं, त्यांच्यासाठी ठीक. तुला गरज नाही.

मंजू_आरव्ही

काकांशी सहमत. एकच पुस्ती, हिच घेताना शँक (रिसिव्हरमध्ये जाणारा दांडा) विसरू नका, ट्रक उंच आणि ट्रेलर बुटका असेल तर बॉल खाली आणणारा शँक लागतो, आणि किटमधला कायम पुरतोच असं नाही. ट्रेलर एकदम सपाट जमिनीवर लेव्हल लावून कपलरच्या वरच्या कडेची उंची मोजा, बॉल त्याच्या जरासा वर ठेवून सुरुवात करायची कारण जोडल्यावर ट्रक बसतो. तुमचा रिसिव्हर अडीच इंची असेल तर दोन इंची शँकला मध्ये स्लीव्ह लागते. बॉल घट्ट करायला साधा पाना पुरत नाही, सव्वा इंच दांड्याच्या बॉलला ४०० फूट-पाउंडांच्या वर टॉर्क लागतो, ते ट्रकच्या गॅरेजमधून करून घ्या.

पहिलाच_ट्रेलर

अपडेट. डीलरकडे मोजलं तर बॅटरी आणि प्रोपेनसकट ७४०! कागदावर ५८० होते. डीलरचा माणूस म्हणे ट्रेलरवर जे जास्तीचे ऑप्शन घेतलेत, त्याचं वजन कागदात नसतंच. डिकीतलं सामान धरून ८८० च्या घरात. १०,००० आणि १,००० वाली इक्वलायझर घेतली, ब्लू ऑक्स पण आवडली होती पण चेन आणि पाना बायकोला नको होता, आणि जोडायचं काम दोघांनाही करता आलं पाहिजे असं ठरलं. डीलरने बसवली तेव्हा मी फूटपट्टी घेऊनच उभा होतो, त्याला आवडलं नसावं.

काल सामान भरून, सगळे बसून कॅट स्केलवर (ट्रकांचा वजनकाटा) गेलो. तिथे तीन प्लेट असतात, पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलर, असं वेगवेगळं वजन छापून देतात. आधी बार लावून, मग पार्किंगमध्ये जाऊन बार काढून, आणि शेवटी ट्रेलर सोडून नुसता ट्रक. आकडे देतो, बघा बरं:

नुसता ट्रक: पुढे ३,२४०, मागे २,७४०.
ट्रेलर जोडून, बार नाहीत: पुढे २,८८०, मागे ३,९८०, ट्रेलर ५,७२०.
बार लावून: पुढे ३,०६०, मागे ३,६६०, ट्रेलर ५,८६०.

म्हणजे टंग बरोब्बर ८८०. बार नसताना मागचा ॲक्सल ३,८०० च्या वर गेला होता हे बघून मला घाम फुटला. इंजिनने तर काहीच जाणवू दिलं नव्हतं, पार्किंगपासून स्केलपर्यंत आरामात ओढत आणलं.

चालवताना स्टिअरिंग ठीक वाटलं. मोठे ट्रक गेले की हलका धक्का जाणवतो पण शेपूट हलत नाही. वळताना ओरडते मात्र, ताई म्हणाल्या तशीच.

ट्रकवाले_काका

वा. पुढचे ३६० गेले होते, त्यातले १८० परत आले, म्हणजे बरोब्बर निम्मे, डीलरच्या माणसाला फूटपट्टी आवडली नसली तरी काम नीट केलंय. ट्रकचं एकूण ६,७२०, ७,०५० च्या आत. ट्रेलर ६,६०० म्हणजे टंग १३ टक्क्यांच्या थोडं वर. याच्यात आता काही हलवू नकोस. पुढे कधी कमी-जास्त करावं लागलं तर डोक्यातले वॉशर असतात, एक वाढवला की डोकं अजून मागे कलतं आणि भार जास्त सरकतो.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. वजन केलं तेव्हा पाण्याची टाकी भरलेली होती का रिकामी? आणि ती ॲक्सलच्या पुढे आहे का मागे?

पहिलाच_ट्रेलर

रिकामी होती. ४० गॅलनची आहे, पलंगाच्या खाली, म्हणजे पुढेच.

ट्रकवाले_काका

मग गॅलनला ८.३ पाउंड, भरली तर ३३० पाउंड, आणि त्यातला बराचसा भाग टंगवर. ट्रेलर पण ६,९३० होतो, ७,००० ला टेकला. पोचल्यावर भर, निघताना रिकामी ठेव. मागच्या बाजूला सांडपाण्याच्या टाक्या असतील तर त्या भरलेल्या घेऊन पण लांब जाऊ नकोस, तिथे उलटं होतं, टंग हलकं पडतं.

आणि कधी शेपूट हललंच तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरवरची ट्रेलरच्या ब्रेकची कळ हाताने दाबायची. ती कळ कुठे आहे ते बायकोला पण दाखवून ठेव, रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनी एकेकदा दाबून बघा.

मंजू_आरव्ही

आणि पहिल्या ५०-१०० मैलांनंतर थांबून शँकचे बोल्ट आणि ब्रॅकेटचे नट परत आवळा, नवीन हिच बसते तशी सैल होते. ट्रेलरच्या चाकांच्या नटांचं पण तेच.

शांत_प्रवासी

आवाजाचं मी सांगितलं होतं 😀 जोडे लवकर मागवा.